बयानचे ठिपके

विसालनं मसूर निवडायला घेतला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि अर्धी परात निवडून होते न होते तोच जावेचा फोन आला. नुहादचा फोन आला की हातातलं काम बाजूला ठेवायचं, हे विसालला दहा वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं. तिनं निवडलेला मसूर एकीकडे सारला, न निवडलेला दुसरीकडे, मध्ये बोटानं एक रेघ ओढली आणि परात उचलून फ्रिजवर ठेवली. पाच मिनिटांनी उतरवायची म्हणून ठेवलेली ती परात शनिवारची बुधवारपर्यंत तिथेच राहिली. नवरा, मुतासिम, रोज संध्याकाळी कामावरून आला की मान वर करून परातीकडे बघायचा आणि विसालला लेकीच्या नावानं, 'बयानची आई' अशी हाक मारून विचारायचा, "उम्म बयान, मुजद्दरा आज का?" मसूर-भाताचा तो साधा प्रकार त्याला मेजवानीहून आवडायचा. "उद्या, इन्शाल्ला," विसाल म्हणायची. तो गरीब माणूस ब्रेड आणि चीज खाऊन घ्यायचा.

तर नुहाद फोनवर सांगत होती, "ऐकतेयस ना? प्रवेश गुरुवारपर्यंतच आहेत. मी मुख्याध्यापिकाबाईंशी बोलून ठेवलंय. सोमवारी बयानला घेऊन ये. चाचणी असते, पण नावापुरती. आणि तो निळा झगा घालू नकोस हं तिला. त्यात ती अगदी सरकारी दिसते."

"सरकारी म्हणजे कशी गं?"

"म्हणजे केस चापून बांधलेली, हातात डबा. कळतं ते बघितल्यावर."

नुहादची तिन्ही मुलं इर्बिद शहराच्या नव्या वस्तीतल्या 'सोनेरी क्षितिज' शाळेत जात. ती खाजगी शाळा. तिची पिवळी बस दाराशी येऊन असा हॉर्न वाजवायची की कोणाची मुलं कुठे शिकतात हे साऱ्या गल्लीला रोज सकाळी नव्यानं कळावं. फीचा आकडा ऐकला त्या दिवशी मुतासिमनं चहात चौथा चमचा साखर घातली. पण त्याच्या थोरल्या भावानं अर्धा भार उचलायची तयारी दाखवली होती, त्यामुळे पैशाचं कारण पुढे करायची सोय राहिली नव्हती. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते विसालनं टेबलक्लॉथांच्या खणात, सगळ्यात खालच्या टेबलक्लॉथखाली ठेवलं होतं.

ते एक पत्र होतं. जून महिन्यात, दुसरीचं वर्ष संपताना, घराजवळच्या सरकारी शाळेतल्या बाईंनी दिलेलं. बयानला वाचता येत नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं. मुलगी हुशार आहे, पण अक्षरं तिच्या हाती लागत नाहीत. चढावरच्या दुसऱ्या सरकारी शाळेत अशा मुलींसाठी वेगळी खोली आहे, तिथल्या मिस इतिदाल यांना भेटावं.

विसालनं ते पत्र दोनदा वाचलं आणि खणात सारलं. आता विसाल म्हणजे कोण? बारावीला चौऱ्याण्णव टक्के मिळवलेली बाई. पुढे शिकायचं राहिलं, लग्न झालं, पण ते चौऱ्याण्णव टक्के सासरी रुखवतात आले होते आणि अजून मधूनमधून बाहेर निघायचे. भाज्यांच्या पिशवीचा हिशेब तोंडी करताना, औषधाच्या बाटलीवरचं बारीक वाचून दाखवताना. अशा बाईच्या मुलीला आपलं नाव लिहिता येऊ नये?

आणि नाव तरी काय ठेवलेलं! बयान. स्वच्छ, स्पष्ट सांगणं असा त्याचा अर्थ. ती स्पष्ट बोलायची हे खरं, जरा जास्तच स्पष्ट. लिहिण्याचं तेवढं जमत नव्हतं. आपल्या अरबी लिपीत ब, य आणि न ही शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये आली की तिघांचं अंग एकसारखंच, एक चिमुकला दात. ठिपका खाली एक असला की ब, खाली दोन असले की य, वर एक असला की न. सगळा कारभार ठिपक्यांचा, आणि बयानचे ठिपके माश्यांसारखे. कुठे बसतील त्याचा नेम नाही. एक दिवस ती स्वतःला बनान लिहायची, दुसऱ्या दिवशी असं काहीतरी की ते कोणत्याच माणसाचं नाव नसे.

पत्र येण्याआधीचं वर्षभर विसालनं काय केलं? तिनं दुसरीचा गृहपाठ स्वतः लिहायला घेतला. आधी एखादी ओळ, मग पान, मग वही. बाईंना संशय येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहायची आणि दर पानावर मुद्दाम दोन चुका पेरायची. शेजारी बसून बयान पेन्सिलला टोक काढून द्यायची. असं करत विसाल चौतिसाव्या वर्षी दुसरी पुन्हा पास झाली, तीही 'उत्कृष्ट' शेऱ्यानं.

अल्लाहनं दिलेल्या लेकराबद्दल कुरकुर करायची नाही, असं ती दर नमाजनंतर स्वतःला बजावायची. कुरकुर नव्हतीच ती. भीती होती. तिसरीत पुस्तक जाड होतं, आणि डाव्या हाताला तरी किती लिहिता येणार?

या वेळी निवड अल्लाहवरच सोपवावी असं तिनं ठरवलं. शनिवारी आणि रविवारी निजण्याआधी तिनं इस्तिखाऱ्याची नमाज पढली आणि मागणं मागितलं: दोन शाळांतली जी माझ्या मुलीच्या भल्याची, तीच तू निवड. स्वप्नात काही खूण दिसेल अशी तिची खात्री होती. पहिल्या रात्री स्वप्नात वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा आला आणि पट्टा गेलाय म्हणाला. दुसऱ्या रात्री तोच पुन्हा आला, पट्टा घेऊन.

मशिदीत बायकांना कुराण शिकवणाऱ्या म्हाताऱ्या उम्म इस्माईलना तिनं हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण त्यांची हनुवटी हलली. "अगं, स्वप्न पडलंच पाहिजे असं कुठं सांगितलंय? मागितलंस ना? आता पाय उचल. भल्याचं असेल त्याची वाट मोकळी होत जाईल."

"आणि तो मशीनवाला?"

"मशीनचा पट्टा बदलून घे, बाई."

सोमवारी विसालनं पाय उचलला. 'सोनेरी क्षितिज'ची फरशी इतकी लखलखीत की बयान स्वतःचं प्रतिबिंब न्याहाळत, त्याला जीभ दाखवत चालली होती. बसायच्या खोलीत माशांची काचपेटी होती. एक छान अत्तर लावलेली तरुण बाई आली, विसालला तिनं 'मदाम' म्हटलं आणि कॉफी मागवली. बयाननं कुराणातली एक आख्खी सूरह न अडखळता म्हणून दाखवली. ऐकलेलं तिच्या कानातून कधी सुटत नसे. बाईनं "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत टाळ्या वाजवल्या. मग एक कागद दिला. वर नाव लिहायचं, खाली फुगा रंगवायचा, आकडे जोडून बदक काढायचं. बदक सुरेख झालं.

घरून घोकून आणलेलं वाक्य विसालनं आता काढलं. "तिला वाचायला जरा... म्हणजे थोडा वेळ लागतो. त्यासाठी कोणी खास शिकवणारं आहे का तुमच्याकडे?"

"आमच्याकडे अडचणीचं एकही मूल नाही, मदाम," ती बाई अभिमानानं म्हणाली. "प्रत्येक वर्गात स्मार्ट बोर्ड आहे."

"हो, पण जी मुलं अडखळतात ती?"

"ती घरी शिकवणी लावतात. आई जरा लक्ष देते. तुम्ही लक्ष देताच, ते दिसतंच आहे."

विसालचा डावा हात पर्समध्ये गेला आणि तिथेच राहिला. तिचं वाक्य तिनं परत घडी घालून ठेवलं. कागद फाईलमध्ये गेला, फाईल कपाटात, आणि येताना त्यांना एक फुगा मिळाला. बयानला शाळा आवडली का? आवडली. तिनं तिथल्या सात माशांना नावं दिली होती.

वाट मोकळी होती, अगदी गुळगुळीत होती. तरी मंगळवारी सकाळी विसाल सासूला "भाजी बघून येते" असं म्हणून निघाली आणि भाजीबाजाराच्या बरोबर उलट दिशेला, चढावर चालायला लागली. पिशवीत दुसरीच्या वह्या होत्या. ऑगस्टचं ऊन. बयान दर दहा पावलांवर विचारत होती, "भाजी इतक्या उंच असते?"

चढावरच्या सरकारी शाळेत सुट्टीनंतरची धुणीपुसणी चालली होती. शिपाईणबाईंनी बादलीभर पाणी ओतता ओतता बोट दाखवलं, "मिस इतिदाल? त्या काय, कँटीनच्या शेजारी." त्या खोलीला सरकारदरबारी लांबलचक नाव होतं. गल्लीतले लोक तिला 'मठ्ठांची खोली' म्हणत, आणि तिच्या भीतीनंच विसालचं पत्र जूनपासून टेबलक्लॉथखाली पडून होतं. आत जाणाऱ्या मुलींनी मात्र तिला वेगळंच नाव दिलं होतं, झाकणांची खोली. कारण तिथे डबेच्या डबे भरून बाटल्यांची झाकणं होती, लाल, निळी, पिवळी.

मिस इतिदाल पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. भोपळ्याच्या बिया सोलून खात बसल्या होत्या. त्यांनी बयानपुढे बिया सरकवल्या आणि एक कागद. "नाव लिही."

बयाननं लिहिलं. मिसनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचलं. "बनान. वा. ये बनान, बस."

"मी बयान आहे," बयान म्हणाली.

"मग ही कोण?"

बयाननं कागदाकडे संशयानं पाहिलं. "माहीत नाही."

"कागदावर तर हीच आलीय. तू कुठं राहिलीस? रस्त्यात?"

बयान खुदकन हसली. विसालनं सवयीनं पेन्सिलीकडे हात नेला, तो मिसनी बियांची वाटी मध्ये ठेवून अडवला. मग त्यांनी ती अक्षरं कागदभर मोठी काढली, ठिपक्यांशिवाय, आणि झाकणांचा डबा उपडा केला. "ह्या बघ बायका. लग्नाला निघाल्यात. ह्या मधलीला तू टोपी घातलीस. तिला टोपी नको, सपाता हव्यात. दोन. कुठं घालतात सपाता?"

"पायात."

"मग घाल."

बयाननं दोन लाल झाकणं खाली ठेवली. "आणि पहिलीला?"

"पहिलीची एक हरवलीय. एकच सपात."

"बिचारी," बयान म्हणाली आणि एक झाकण ठेवलं. शेवटच्या अक्षराकडे तिनं बराच वेळ पाहिलं. "हिला टोपी. हिची बरोबरच होती."

"हिची बरोबरच होती," मिस म्हणाल्या. मग त्यांनी विसालच्या पिशवीतली वही घेतली, चार पानं उलटली, आणि चष्म्यावरून पाहिलं. "हे कोणी लिहिलंय?"

"बयाननं," विसाल म्हणाली.

"हं. ह्या मुलीचं वय साधारण चौतीस असावं. डावखुरी नाही, पण प्रयत्न करते. चुका बरोबर दोन-दोन करते, पानाच्या मध्यावर." त्यांनी वही मिटली. "अभ्यास चांगला आहे हो तुमचा. पण तुम्हाला मी खोलीत घेऊ शकत नाही. माझ्याकडे चौथीपर्यंतच्याच असतात."

विसालला हसावं की जमिनीत शिरावं कळेना. तिनं दोन्ही थोडं थोडं केलं.

मिसनी पुढचं काही लपवलं नाही. बयान दिवसातला एक तास त्यांच्याकडे असेल. बाकीचा वेळ वर्गात, एकेचाळीस मुलींबरोबर, आणि वर्गातला पंखा चालतो पण फिरत नाही. "तिसरीतच वाचायला लागेल असं मी म्हणणार नाही. दोन वर्षं धरा. कधी पुढे जाईल, कधी मागे येईल. आणि गृहपाठ तुम्ही लिहायचा नाही."

"एक अक्षरसुद्धा नाही?"

"ठिपकासुद्धा नाही."

जागा एकच उरली होती. गुरुवारी दुपारी यादी वर जाणार होती. जुन्या शाळेचा दाखला लागेल आणि हा अर्ज, बापाच्या सहीनं. अर्जात एक रकाना होता. मुलीला काय येत नाही ते पालकांनी आपल्या शब्दांत लिहायचं.

"असं... लिहून द्यायचं?" विसालनं विचारलं.

"लिहून. ते मात्र तुम्ही उजव्या हातानं लिहा."

उतारावर विसालनं खरंच भाजी घेतली, काकड्या, निदान खोटं अर्धं तरी खरं व्हावं म्हणून.

बुधवारी अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर खालच्या मजल्यावर सासूच्या गच्चीत सगळे जमले. सासूला सगळे हज्जे म्हणत. हजला जाऊन आल्या होत्या आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा असे. कलिंगड कापलेलं होतं, सोबत खारट चीज. मुतासिम पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायला होता. दिवसभर दारोदार आकडे वाचून तो दमलेला होता आणि बयानच्या वाट्याच्या बिया काढत बसला होता. विसालच्या झग्याच्या खिशात अर्ज होता. तो काढायचा होता. ती आधी कलिंगड संपू दे म्हणत होती, मग चहा होऊ दे म्हणाली.

तेवढ्यात नुहाद आली, हातात सोनेरी फितीची पेटी घेऊन. "मबरूक! झाला प्रवेश! मी गणवेशाला गेले होते, तर त्यांनी माझ्याकडेच दिलं. बघा तरी!" पेटीत चॉकलेटं होती, आणि कागदाच्या घडीत गणवेशावर लावायचा निळा बिल्ला, सोनेरी धाग्यानं नाव विणलेला.

बिल्ला हातोहात फिरला. हज्जेंनी तो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, "काय नक्षी आहे, माशाल्ला," म्हणाल्या. नुहादनं मोठ्यानं वाचलं, "बयान मुतासिम." मुतासिमनं वाचलं, "बयान मुतासिम," आणि त्याचा आवाज जरा ओला झाला. विसालनं वाचलं, आणि त्या सोन्याच्या धाग्यासमोर खिशातला अर्ज तिला फारच मळका वाटला.

"दे, मला बघू दे," बयान म्हणाली. तिनं बिल्ला मांडीवर ठेवला, बोट नावाखाली टेकवलं, आणि हळूहळू सरकवलं. कोणाचं लक्ष नव्हतं. हज्जे बसच्या वेळा विचारत होत्या.

"ही मी नाही," बयान म्हणाली.

"तूच गं माझे आई," विसाल म्हणाली. "तुझंच नाव आहे."

"नाही. मधलीला सपाता नाहीत. टोपी आहे. ही बनान आहे." तिनं मान वर केली. "चॉकलेटं पण तिचीच असतील का?"

तिचं तोंड आधीच भरलेलं होतं. विसालनं बिल्ला घेतला. मुतासिम वाकला, नुहाद वाकली. बयान म्हणत होती तसंच होतं. मधल्या अक्षराखाली काही नव्हतं आणि वर सोन्याचा एक ठिपका टेकलेला होता. चौऱ्याण्णव टक्क्यांच्या बाईनं ते चुकीचं वाचलं होतं, रोज शंभर मीटर वाचणाऱ्या माणसानं चुकीचं वाचलं होतं, आणि जिला वाचता येत नाही तिनं बोट ठेवून बरोबर वाचलं होतं.

"विणणाऱ्याची चूक," नुहाद म्हणाली आणि लगेच शाळेला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. तीच अत्तरवाली बाई होती. तिनं फाईल काढली. "नाही हो मदाम, चाचणीच्या कागदावर मुलीनं स्वतःच असं लिहिलंय. आम्ही तेच पाठवलं विणायला."

विसालनं फोन हातात घेतला. "मग तुम्हाला वाटलं नाही की तिनं स्वतःचं नाव चुकवलंय?"

"अहो, ठिपक्याचं काय एवढं! अक्षर किती सुबक आहे तिचं. बिल्ला आम्ही बदलून देऊ."

"आणि तिला?" विसालनं विचारलं. पलीकडे काही कळलं नाही. फोन ठेवला गेला.

विसालनं खिशातला अर्ज काढून कलिंगडाच्या सालींशेजारी ठेवला. मग म्हणाली, भराभर, थांबली तर राहून जाईल म्हणून, "बयानला वाचता येत नाही. दुसरीचा गृहपाठ मी केलाय. सगळा. चढावरच्या शाळेत एक मिस आहेत, त्यांनी तिला एका तासात हे शिकवलं. एकच जागा आहे. उद्यापर्यंत."

"सगळा?" नुहाद म्हणाली. "अगं, पण तिला तर 'उत्कृष्ट' होतं!"

"हो," विसाल म्हणाली, आणि अल्लाह माफ करो, अशा वेळीही तिला क्षणभर बरं वाटलं.

हज्जेंनी कपाळाला हात लावला. "चढावरची? ती मठ्ठांची खोली? आमच्या घरातली मुलगी तिथं? लोक काय म्हणतील? आणि पोरीला आख्ख्या सूरह पाठ आहेत! तिला झालंय काय? तिचा बाप चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आता बघ."

मुतासिम तेव्हाही काही बोलत नव्हता.

"तिथं शिकवणार तरी काय तिला?" हज्जेंनी विचारलं.

"ठिपके, आजी," बयान म्हणाली. "मला आले की मी तुला सांगीन पान कधी उलटायचं. तू सूरह संपली तरी तेच पान धरून बसतेस. कधी कधी दोन उलटतेस."

मुतासिमला कलिंगडात एक बी सापडली आणि ती काढायला त्याला बराच वेळ लागला. नुहादनं चहाचे पेले गोळा केले, भरलेलेसुद्धा. हज्जे रोज पहाटेनंतर कुराण मांडीवर घेऊन बसत, आणि ते त्यांना तोंडपाठ होतं. बापानं त्यांना शाळेत घातलंच नव्हतं. घरात कोणाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण कोणी कधी तोंडातून काढलं नव्हतं.

हज्जेंनी तसबीह हातात घेतली, चार मणी सरकवले. नातीकडे पाहिलं. ती चौथं चॉकलेट सोलत होती.

"तोंड बघा हिचं," हज्जे म्हणाल्या. "ठेवलेलं नाव बरोबरच ठेवलंय." आणि मग मुलाकडे वळून, "अरे, बघत काय बसलास? पेन नाही का तुझ्या खिशात? दिवसभर लोकांची बिलं लिहितोस!"

मुतासिमनं पेन काढलं. सही करण्याआधी तो बायकोला एवढंच म्हणाला, "उम्म बयान, वर्षभर तू लिहीत होतीस, आणि मला वाटायचं पोरीचं अक्षर तुझ्यावर गेलंय."

सही झाली. रिकामा रकाना विसालनं भरला, उजव्या हातानं, आणि मुलीच्या नावाचे ठिपके तीनदा मोजले. नुहाद थोडी फुगूनच गेली. पेटी परत न्यायची म्हणून तिनं बिल्ला आत घातला, झाकण लावताना आत पाहिलं, आणि पेटी तिथेच ठेवली. आत आता दोनच चॉकलेटं होती. जिन्यावरून तिचा आवाज आला, "पंखा तरी बघून घ्या म्हणावं त्या वर्गातला!" ते खोटं नव्हतं. विसालच्याही मनात पंखाच होता, आणि एकेचाळीस मुली, आणि दोन वर्षं.

वर घरी येऊन तिनं फ्रिजवरची परात खाली घेतली. सूर्यास्ताच्या मगरिबच्या नमाजला अजून अवकाश होता, मुजद्दरा होऊ शकला असता. पण नमाजसाठी हातपाय धुऊन, वुझू करून ती परत येईपर्यंत बयाननं परात जमिनीवर ओढली होती आणि मसुरात बोटानं आपलं नाव काढलं होतं, परातभर मोठं. ठिपक्यांना मसूर चालेना म्हणून निवडून काढलेले खडे घेतले होते. पहिलीची एकच सपात. मधलीला दोन. शेवटचीला टोपी.

रेघ पुसून गेली होती. निवडलेलं, न निवडलेलं, खडे, सगळं एक झालं होतं. विसाल शेजारी बसली, ओरडायला तोंड उघडलं, आणि नाव वाचलं. आधी सवयीनं, मग बोट ठेवून.

"बरोबर?" बयाननं विचारलं.

"बरोबर."

"मग तू हात नको लावूस."

स्वयंपाकघराच्या दारात मुतासिम उभा होता. त्यानं परातीकडे पाहिलं आणि ब्रेडची पिशवी उघडली.

विसालनं अर्ज ओढणीशेजारी खुंटीला टांगलेल्या पर्समध्ये ठेवला. सकाळी आठला जुन्या शाळेचं कार्यालय उघडतं. तिथून बयानचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा होता.